वापरात नसलेला मासळी बाजार

साहेब, तुमच्या कागदावर खोटं लिहिलंय. 'इमारत वापरात नाही' असा शेरा कुणीतरी मारला आणि तुम्ही मला पाडलंत. शेरा लिहिला त्या सकाळी माझ्या बावन्न ओट्यांवर बावन्न कोळणी बसल्या होत्या!

मित्रांनो, मी एक जुना मासळी बाजार आहे. 'होता' म्हणू नका. रेवसच्या वाटेवरच्या एका गावात साठ वर्षांपूर्वी मला बांधलं. वर कौलं, खाली काळ्या दगडाचे ओटे. सासूचा ओटा सुनेला मिळायचा, चार बायांसमोर, तोंडी. कागद कुणी केला नाही. तेवढीच चूक झाली.

गाव फुगलं, शहर व्हायला निघालं. मुंबईचे पाहुणे माझी सुरमई वाखाणायचे आणि नाक दाबून निघायचे. गळक्या कौलांकडे मात्र कुणी बघेना. मग तो शेरा आला, मागोमाग नगरपालिकेचे साहेब आले. म्हणाले, "नव्या बाजारात जागा हवी तर जुन्या जागेचा पुरावा द्या."

"ओटा माज्या सासूचा हाय, वेणूबाईचा," पहिल्या ओट्यावरची सगुणा कोळीण म्हणाली.

"कागद?"

"सून घरात घेतलीत तवा कागद केलात काय, साहेब?"

अख्खा बाजार हसला. साहेब नाही हसले. "पुरावा नाही, तर जागा नाही."

सगुणाने डाव्या हातात कोयता उचलला. साहेब दोन पावलं मागे सरकले.

"घाबरू नका, धार लावतंय."

माझ्याकडे रीतच होती. प्रत्येकीने कोयत्याला धार लावायची ती स्वतःच्याच ओट्याच्या कडेवर. घासून घासून दगडाला खळगे पडले होते.

"ह्यो उजवा खळगा सासूचा. ह्यो डावा माजा, वीस वर्षांचा. बाजारात दुसरी डावखुरी दाखवा, मी उठतंय."

साहेबांनी खळग्यात बोट घातलं. पेरभर आत गेलं. तेवढ्यात बाकीचे एक्कावन्न कोयते दगडावर घासू लागले. काय तो आवाज! साहेबांच्या कारकुनाने बावन्न नावं लिहून घेतली.

मला पाडायला यंत्र येण्याआधी बायांनी पहारी घालून ओटे उचकटले, बांबूंना बांधून खांद्यावरून नेले. आज नव्या बाजारात तेच ओटे आहेत, त्याच क्रमाने. भिंती गेल्या. मी गेलो नाही.

मित्रांनो, जुन्या इमारतीला निकामी म्हणण्याआधी आत डोकावा. कोण बसलंय ते बघा.

आणि साहेब, तुमच्या कागदावर तो शेरा अजून तसाच आहे, खाली सही नाही. कोणाच्या हाताने लिहिला? ओटा कुणाचा ते आम्ही दाखवलं. आता तो हात कुणाचा, ते तुम्ही दाखवा.