तरीची होडी आणि लवूचे अडलेले शब्द

मी कर्ली खाडीतल्या तरीची एक जुनी होडी आहे. मित्रांनो, आता मी माडांखाली पालथी पडून असते. पण लवू नावाड्याची हकिकत सांगण्याइतकी मी अजून धड आहे.

सुताराने मला आंब्याच्या लाकडातून घडवले. लवूने काजूच्या टरफलांचे तेल पाजून मला पाण्यात लोटले. तो भारी बोलका. उतारूंची सुखदुःखे विचारत तो मला पैलतीरी नेई. लोक म्हणत, या होडीत खाडी कधी संपते तेच कळत नाही.

१९५६ साली मार्गशीर्षात वारा एकाएकी फिरला आणि शिडाचा आडवा वासा लवूच्या कपाळावर, डाव्या बाजूला आदळला. तो वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणे गेले. काही विचारले की त्याला घाम फुटे आणि "ता... ता..." एवढेच उमटे. लवूला वेड लागले, असे लोक म्हणू लागले. उतारू दुसऱ्या होडीने जाऊ लागले.

त्याची बायको शेवंती मालवणहून डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी लवूला माझ्यातच बसवले. आधी वल्ह्याला, मग कानाला हात लावायला सांगितले. त्याने डाव्या हाताने बरोबर तसेच केले. मग त्यांनी नाव विचारले. लवूच्या डोळ्यांत पाणी आले, पण नाव आले नाही.

डॉक्टर जमलेल्या लोकांना म्हणाले, "हा वेडा नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला डावीकडे मार बसला आहे. बोलणे तिथे जुळते. याला तुमचे बोलणे समजते, पण स्वतःचे शब्द जुळवता येत नाहीत. त्याला वेळ द्या."

शेवंतीने पदर खोचून वल्ही हाती घेतली. लवू पुढे बसून दिशा दाखवी. वाटेत ती एकेक शब्द म्हणे: पाणी, माड, वारो. तो म्हणून पाही. कधी शब्द येई, कधी येत नसे.

दोन पावसाळे गेले. एका सकाळी भर खाडीत लवूने हात वर केला. अजून येणाऱ्या मोजक्या उतारूंपैकी एक जण घाई करू लागला. शेवंतीने वल्ही थांबवली.

"थांबा वायच," ती म्हणाली. "तेंका बोलाक येळ लागता."

सगळे लवूकडे वळून बसले.

"शेवंती..." लवू अडखळला. "तुजे हात... दमले. वल्हा... माका."

तिने एक वल्हे त्याच्या डाव्या हातात दिले. उरलेली खाडी दोघांनी मिळून कापली.

लवू पहिल्यासारखा कधीच बोलला नाही. पण उतारू परत आले आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबायला शिकले.

मित्रांनो, माझी डागडुजी नाही झाली तरी चालेल. पण कोणी बोलताना अडला तर हसू नका, त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. त्याला काय म्हणायचे आहे ते त्याला ठाऊक असते. तेवढा वेळ त्याच्याजवळ बसा.