खळ न लावलेला फेटा

चैत्रातली सकाळ अजून पुरती तापलेली नसे, अंगणातल्या दोरीवर पांढरं मलमल वाळत असे, आणि त्या कापडातून गाळून आलेला उजेड शमुवेलमामांच्या चेहऱ्यावर असा पडे की त्यांच्या सुरकुत्याही नुकत्याच धुऊन काढल्यासारख्या दिसत. मग ते कापड उतरवत, दोन्ही हातांनी एक झटका देत, आणि त्या फटकाऱ्याने शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं भर्रकन उडून जात. त्या आवाजावरून आमच्या गल्लीला कळे, की झावळ्यांचा रविवार आला. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत शिरला आणि लोकांनी त्याला राजा मानून झावळ्या हलवल्या, त्या दिवसाची आम्हा कोल्हापूरच्या ख्रिस्ती माणसांची तयारी मामांच्या त्या दोरीवरून सुरू होई.

मामा माझे सख्खे नव्हेत. गल्लीचे मामा, आमच्या चर्चच्या मंडळीचे मामा, आणि ज्यांच्या ज्यांच्या डोक्याला त्यांनी हात लावला त्या सगळ्या नवरदेवांचे मामा. फेटे बांधणं हा त्यांचा धंदा. लग्नसराईत त्यांना जेवायला फुरसत नसे. गुलाबी, केशरी, लहरिया कापडांचे ढीग मांडीवर घेऊन बसलेले मामा म्हणजे जणू फुलांच्या बाजारात उगवलेलं एक काळंसावळं, उंच झाड. आवाज खणखणीत. देवळात, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, कुजबुजायचे तरी मागच्या बाकापर्यंत ऐकू जायचं, आणि पाळकसाहेब उपदेश थांबवून हसायचे. कुस्तीत जिंकलेला मल्ल असो, निवडणुकीत निवडून आलेला कुणी असो, मामा त्याला मान खाली घालायला लावत आणि म्हणत, "पावणं, हलू नगासा. मान ताठ झाली की फेटा बिघडतोय." भल्याभल्यांना त्यांच्यासमोर मुकाट्याने वाकून बसलेलं मी पाहिलं आहे.

पण हा माणूस स्वतः देवळाच्या पायरीवर आला की डोक्यावरचा फेटा उतरवायचा. आता आमचं हे गाव राजाचं. राजासमोर बोडक्या डोक्याने जायचं नाही, हे इथे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. आणि आमच्या देवळाची रीत नेमकी उलटी. तिथे पुरुषांनी डोकं उघडं ठेवायचं. या दोन रीतींमध्ये अख्खं आयुष्य काढलेल्या मामांना मी एकदा छेडलंच, की तुमच्या राजाच्या दरबारात ही कसली बेअदबी? ते म्हणाले, "अगं, हितं राजानं माझ्या डोस्क्यावर हात ठेवायचा हाय. मधी कापड कशाला?"  

झावळ्यांच्या रविवारी मात्र देवळात एक फेटा असे, राजाचा, म्हणजे येशूचा. क्रुसासमोरच्या मेजावर, एका साध्या पाटावर तो ठेवलेला असे, आणि पोरंसोरं झावळ्या हलवत, गात त्याच्याभोवती फेरी घालत. ही रीत कुठल्या ग्रंथातली नव्हे. मामांच्या वडिलांनी सुरू केली, मामांनी चालवली. ज्याचा फेटा तो समोर बसायला येणार नाही, म्हणून मामा तो आपल्याच गुडघ्यावर बांधत, एक पाय मुडपून, एक गुडघा उभा करून, प्रार्थनेला बसता बसता मध्येच थांबलेल्या माणसासारखे. त्याला तुरा नसे, कारण काट्यांचा मुकुट ज्याच्या वाट्याला आला त्याला तुरा शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि त्याला खळही नसे. ईस्टरच्या दुपारी तो फेटा उलगडायचा आणि मंडळीत जे पुढचं बाळ जन्मेल त्याच्या झोळीला ते कापड द्यायचं, हा दंडक. खळ लावली तर बाळाला टोचेल ना! आमच्या मंडळीतली कितीतरी माणसं राजाच्या फेट्यात झोपून मोठी झालेली आहेत, त्यांतली मीही एक.

मी राजारामपुरीतल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. दिवसभर मुलांना सांगायचं की राजे गेले, आता प्रजाच सत्ताधीश, आणि रविवारी गुडघे टेकून राज्य येवो म्हणून मागायचं, हे माझ्या मनाला कधी कधी कुरतडत असे. मामांशी मी त्यावरून कडाकडा भांडले आहे. ते चिडत नसत. हातातली घडी जुळवत म्हणत, "म्या किती डोस्की सजवली बघ. समदी सांजच्याला फेटा उतरून खुंटीला टांगत्यात, आन् मग आपण कुणीच न्हाय म्हणून त्यांची त्यास्नीच भीती वाटती. ह्या राजाला फेट्याची गरजच न्हाय. म्हणून तर त्याचा बांधाय मजा येती की!" माझं शंभर टक्के समाधान झालं असं नाही. पण ज्याला आपल्याकडून काहीच नको अशा सत्तेपुढे वाकताना माणूस लहान होत नाही, एवढं त्या आनंदी चेहऱ्याकडे बघून पटायचं.

गेल्या वर्षी मामांचे हात कापू लागले. आधी चहा बशीत सांडायला लागला, मग लग्नाची गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे वळली; मामांनी ते हसून घेतलं. झावळ्यांचा रविवार जवळ आला तसं मात्र त्यांचं हसू आटलं. खळ नसलेलं मलमल हातात ठरत नाही, पाण्यासारखं निसटतं. त्याला धडधाकट बोटं लागतात. पाळकसाहेबांनी अगदी मायेने सुचवलं, की शाहूपुरीत छान तयार फेटे मिळतात, यंदा एक आणू. मामा उठले आणि घरी निघून गेले. धंदा गेल्याचं त्यांना काही नव्हतं. पण राजाची चाकरी जिवंतपणी हातून सुटणार, या विचाराने ते आतून पार खचले होते. मला ते बघवेना.

शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले, तर ते भिंतीला टेकून बसलेले, मलमल मांडीवर विस्कटलेलं. हाताबरोबर आता गुडघाही कापत होता. कापडाचे दोन पेच गुंडाळून बसले की तिसऱ्याला सगळं ओघळून खाली. मी चप्पल काढली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "मामा, माझा गुडघा घ्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते, आवाज मात्र तोच: "हलायचं न्हाय हां, पोरी. नवरदेवागत गप बसायचं." ऊन खिडकीतून सरकत सरकत भिंतीवर चढलं. माझ्या पायाला मुंग्या आल्या. एकेक पेच येत होता, सुटत होता, पुन्हा येत होता, आणि त्या कापऱ्या बोटांचा स्पर्श गुडघ्याभोवती फिरत राहिला. दिवेलागणीला फेटा पुरा झाला.

झाला, पण कलला होता. रविवारी पाटावर ठेवला तर सरळ डाव्या अंगाला झुकलेला. दोनचार पोरं फिदीफिदी हसली. पाळकसाहेब तो नीट करायला पुढे झाले, तेवढ्यात पहिल्या बाकावरून मामांचा आवाज घुमला, "ऱ्हाऊ द्या पाळकसाहेब! गाढवावर बसून आल्यावर फेटा कलणारच की!" अख्खं देऊळ हसलं. मामाही हसले, ओलं हसू. मग झावळ्या उठल्या, गाणं सुरू झालं, आणि त्या कललेल्या फेट्याभोवती आम्ही सगळे फिरलो. शेवटच्या बाकावर दिवस भरत आलेली रूथ, मंडळीतलीच एक सून, पोटावर हात ठेवून गात होती.

त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, मामा गेले. बसल्या जागी, शांतपणे. ईस्टरला फेटा उलगडायला कुणी पुढे झालं नाही. त्यांच्या हातचा हा शेवटचा, काचेच्या पेटीत ठेवू, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं, आणि पेटी होईपर्यंत तो माझ्याकडे आला. खरं सांगते, मलाही तो तसाच हवा होता. कपाट उघडलं की मामा तिथे असल्यासारखे वाटायचे. पुढे रूथला मुलगी झाली. तिच्या सासूने बाजारातून पाळणा आणला. फेट्याचं नाव कुणी काढलं नाही, माझं मन राखायला असेल. त्याचंच मला जास्त लागलं. दरवर्षी राजाचा फेटा उलगडून बाळाला देऊन टाकणाऱ्या माणसाच्या आठवणीला मी कुलूप लावून बसले होते.

एका दुपारी मी फेटा बाहेर काढला, जमिनीवर बसले, गुडघा उभा केला आणि त्यावर ठेवला. चपखल बसला. तो कुणाच्या डोक्याच्या मापाचा नव्हताच, माझ्या गुडघ्याच्या मापाचा होता. मग मी रडत रडत एकेक पेच सोडवला आणि कापड रूथला झोळीसाठी नेऊन दिलं. धुतलं तरी कापडावरच्या चुण्या गेल्या नाहीत, जिथे जिथे त्यांची बोटं अडली होती तिथे तिथे राहिल्या, आणि त्या चुण्यांवर आता रूथची पोर झोपते. राज्य केव्हा येतं, कसं येतं, ते मला अजूनही वर्गात मांडता येणार नाही. पण तिच्या दारावरून जाताना झोळीच्या कड्यांची करकर कानावर येते, काळ तेवढ्यापुरता पाय मुडपून बसल्यासारखा थांबतो, आणि माझ्या गुडघ्यावरून कुणीतरी आत्ताच हात उचलला आहे असं वाटतं.