ब्याण्णव टक्के नालंदानगर

धर्मपाल सिरसाट गुरुजींनी आयुष्यात एकच खोटं लिहिलं. आता ते अठ्ठ्याऐंशी वेळा लिहिलं ही गोष्ट वेगळी.

साल दोन हजार दहा. जनगणनेच्या आधी घरयादी करतात, ती करायला शाळामास्तरांना धाडलं होतं. अकोल्याचा उन्हाळा, डांबर चपलेला चिकटतंय, आणि गुरुजी काखेत फॉर्मांचा गठ्ठा धरून नालंदानगरात, म्हणजे स्वतःच्याच वस्तीत, दारोदार फिरताहेत. छत कशाचं? पाणी कुठून आणता? टीव्ही आहे? संडास आहे? एकशे अठरा घरं होती. खरं सांगायचं तर संडास होते तेवीस. बाकी सगळी वस्ती पहाटे डबा घेऊन नाल्यावर.

पंचफुलाबाईच्या दारात गाडी अडली. ती डाळमिलमध्ये कामाला, नवरा वारलेला, आणि पोरगी दीपमाला लग्नाची. तिला पाहायला तेल्हाऱ्याचे पाहुणे यायचे होते.

"गुरुजी, संडासच्या खान्यात हाय लिवा," ती म्हणाली.

"कुठं हाय?"

"ते काय, कोपऱ्यात." कोपऱ्यात एक टिनाचं दार होतं, दारामागं सरपण होतं. "पाहुण्यांच्या बायका पयले तेच इचारतात. मी म्हनीन कुलूप हाय, किल्ली भावाजवळ हाय. पर त्यायनं तुमाले इचारलं तं? तुमी तं खोटं बोलत नाई. मनून आधी लिवा, मंग बोला. सरकारी कागदावर हाय, मनजा."

आता काय करावं? दीपमाला गुरुजींच्याच वर्गात शिकलेली, पाढे घडाघडा म्हणणारी पोरगी. एका खुणेनं कुणाचं काय बिघडणार होतं? गुरुजींनी लिहिलं, आहे. भिंतीला कान असतात म्हणतात, नालंदानगरातल्या भिंतींना तर पायही होते. पुढच्या घरात पोचेपर्यंत बातमी पुढं गेलेली. "तिच्या घरी हाय आन आमच्या घरी नाई? आमच्या घरी का पोरी नाईत?" संध्याकाळपर्यंत अठ्ठ्याऐंशी घरांत कागदावर संडास बांधून झाले, वीट नाही की सिमेंट नाही. सात घरं मात्र गुरुजींनी तशीच सोडली. सगळ्याच पोरांना पैकीच्या पैकी दिले की वरच्या साहेबाला संशय येतो, हे मास्तरला कळणार नाही तर कुणाला?

दीपमालाचं लग्न झालं. थाटात झालं. गुरुजी ते विसरूनही गेले. म्हणजे असं ते स्वतःला सांगत.

पंधरा-सोळा वर्षं गेली. गुरुजी रिटायर झाले, बायको गेली, गुडघ्याला तेल लावत दिवस चालले होते. अशात अमरावतीहून नात आली. नीलम, लेकीची लेक. राजापेठेत वाढलेली, समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला. पाठीवर लॅपटॉप, गळ्यात कॅमेरा.

"आबाजी, मी तुमच्या वस्तीचा अभ्यास करून राहिली. पुण्याची एक संस्था हाय, ते एका वस्तीत संडास बांधून देनार हायत, फुकट. आपली वस्ती नाईतं रेल्वेलाइनच्या पल्याडची. कोनती निवडायची ते आमच्या सरच्या रिपोर्टवर हाय."

गुरुजींची छाती दीड वीत फुगली. त्यांनी स्वतः चहा केला.

नीलमचं घोडं मात्र अडलं होतं. जनगणनेचे तक्ते इंटरनेटवर होते, अकोला होतं, वॉर्ड होते, पण नालंदानगर कोणत्या वॉर्डात? मधल्या काळात वॉर्डांचे नंबर तीनदा फिरले. दोन दिवस पोरगी फाईली उघडून डोळे लाल करून बसली. नवी जनगणना अजून हातात आलेली नाही, तेव्हा पंधरा वर्षांचा शिळा आकडा तोच ताजा.

"एवढंच ना?" गुरुजी म्हणाले. "मले इचारायचं होतं. जुना नंबर मी सांगतो, मीच तं फिरलो होतो."

आणि त्यांनी नंबर सांगितला! स्वतःच्या तोंडानं. ऐटीत. नीलमनं रकाना उघडला, बोट सरकवत नेलं आणि थांबली.

"घरात संडास असलेली कुटुंबं, ब्याण्णव टक्के." तिनं मान वर केली. "आबाजी, हे कसं?"

गुरुजींना ठसका लागला. त्या वॉर्डातल्या बाकी कॉलन्या पक्क्या, नोकरदारांच्या. आकडा खाली ओढणार होती ती ही एकच वस्ती, आणि तिला गुरुजींनी ओढू दिलं नव्हतं. ते म्हणाले, "चहात साखर जास्त झाली." आणि उठून मोरीत गेले.

नीलम घरोघर जाऊन मोजून आली. आता घरं एकशे एकतीस झाली होती. ज्यांना जमलं त्यांनी मधल्या काळात बांधून घेतले, शेहेचाळीस घरांत अजूनही काही नव्हतं. तिनं ते तिच्या भुयार सरांना फोनवर सांगितलं. स्पीकर चालू होता, म्हणून गुरुजींनीही ऐकलं.

"नीलम, अकराच्या जनगणनेत ब्याण्णव टक्के आणि आज पासष्ट?" भुयार सर शांत आवाजात म्हणाले. "वस्ती पुढं जाते, मागं जात नाही. तुझी मोजणी चुकली. तक्ता क्रमांक चारमध्ये शासकीय आकडा टाक. आणि तो सतरा नंबरचा फोटो तक्त्याशी जुळत नाही. जुळवून घे."

फोटो तक्त्याशी जुळवायचा! शहाणा माणूस. तक्ता फोटोशी जुळवायचा असतो हे त्याला कुणी शिकवलंच नसेल, आणि आता शिकवायचं कुणी, सही तर त्याचीच लागणार होती.

सतरा नंबरचा फोटो नाल्याचा होता. सकाळचं पिवळं ऊन, काठावर रुईची झुडपं, आणि आपसूक चौकटीत आलेली पंचफुलाबाई. एक हात भिंतीला, एका हातात डबा. नीलमनं मान खाली घातली आणि लॅपटॉपवर फोटोतला डबा पुसायला घेतला. शेजारचं गवत उचलून त्यावर थापलं, पुन्हा थापलं, कडा मऊ केल्या. पाच मिनिटांत डबा गेला. मूठ मात्र तशीच राहिली, काहीतरी धरल्यासारखी. गुरुजी मागं उभं राहून पाहत होते. संध्याकाळी भुयार सरांनी फोटोखाली ओळ पाठवली: 'वस्तीतील ज्येष्ठ महिलांमध्ये वाढती आरोग्यजाणीव: सकाळचा फेरफटका.'

पंचफुलाबाईला फोटो दाखवला तर ती हरखली. "माय वं! केवढी उजळ दिसून राहिली मी! याची एक कापी दे मले पोरी, दीपमालाले पाठवतो." मग ती ओट्यावर बसली. बसली म्हणजे काय, भिंतीला धरून, दात आवळून, हळूहळू खाली आली. गेल्या आखाडात ती नाल्याच्या उतारावर घसरून पडली होती. पाय सुजून भोपळा झाला. डॉक्टरनं सांगितलं होतं, मावशी, चढउतार बंद, उकिडवं बसणं बंद, पुन्हा पडलात तर खुब्याचं हाड जाईल. डॉक्टरचं काय जातं सांगायला! ती हसून म्हणाली, "जाच लागते ना बाप्पा. पोट का डाक्टरचं आयकते?"

गुरुजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. बाईचे पाय त्यांच्या एका खुणेवर अडकलेत, हे त्यांना आता स्वच्छ दिसत होतं. ब्याण्णव टक्क्यांच्या वस्तीला संडास देईल असा वेडा दाता पुण्यात तरी कुठून मिळणार? ताट बाजूला सारून त्यांनी नीलमला सगळं सांगितलं. 

"आबाजी, तुमी?"

"हो, मीच."

"मंग आता?"

"आता सभेत उभा राहून सांगतो. काय होईन? लोक हसतीन. हसू दे. तिच्या घरी संडास झाला पायजे."

रविवारी चार वाजता विहाराच्या हॉलमध्ये सभा भरली. सगळी वस्ती आली होती, आणि पुण्याहून पाहुणा येणार म्हणून काय तो थाट! बायांनी ठेवणीतल्या साड्या काढलेल्या, दारादारांत सडा. संस्थेच्या मॅडम पुढच्या खुर्चीत, पडद्याशेजारी भुयार सर. तक्ता क्रमांक चार झाला, सतरा नंबरचा फोटो आला, फेरफटक्याची ओळ वाचून झाली. टाळ्या पडल्या. तेव्हा गुरुजी उठले.

"मॅडम, तो आकडा खोटा हाय," ते म्हणाले.  "या वस्तीची घरयादी मी केली होती. अठ्ठ्याऐंशी घरी संडास नव्हते, मी हाय लिहिलं. आजही शेहेचाळीस घरी नाईत. चूक माही हाय. तिची शिक्षा वस्तीले देऊ नका."

 भुयार सरांनी चष्मा पुसला आणि मॅडमकडं वळून हळुवार म्हणाले, "गुरुजींचं वय एकाहत्तर आहे. आम्हाला त्यांच्याबद्दल फार आदर आहे." झालं. आदर म्हटलं की माणूस बाद.

पण मॅडम बाई सरळ होती. ती म्हणाली, "थांबा. आपण लोकांनाच विचारू." आणि तिनं नेमकं पडद्यावरच्या बाईला शोधून काढलं. "मावशी, हा फोटो तुमचाच ना? तुमच्या घरी संडास आहे?"

पंचफुलाबाई खुर्चीचा हात धरून उठली. तिनं मॅडमकडं पाहिलं, भुयार सरांकडं पाहिलं, आणि मग गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी मान हलवत होते, सांग बाई, नाही म्हण.

"हाय ना," ती खणखणीत म्हणाली. "पयलेपासून हाय. पोरीच्या लग्नाच्या आधीपासून. गुरुजीनं बरोबरच लिवलं होतं. गुरुजी कावून खोटं लिवतीन?"

नीलम ताडकन उठली. तिनं लॅपटॉपवर मूळ फोटो उघडला, तोच पडद्यावर आला, तेच ऊन, तीच रुई, आणि हातात डबा. "मॅडम, हा खरा फोटो हाय. डबा मी पुसला होता."

पंचफुलाबाईनं पडद्याकडं बोट केलं. "अवो बाप्पा! आता डबा घातला काय पोरीनं मह्या हातात! त्या कंपूटरात काईबी घालता येते, मॅडम. हे पोट्टे वाघावरबी बसवतात मानसाले."

हॉल असा हसला की पंख्याचा आवाज बुडाला. बाकीच्या पंचेचाळीस घरांतल्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. उठणार कोण? जी उठेल तिच्या घरी नाही, एवढंच त्यातून सिद्ध होणार होतं, आणि तेही नव्या साडीत. कुणी उठलं नाही. मॅडमनं वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि वस्तीचं तोंडभरून कौतुक केलं. इतकी जागरूक वस्ती आपण विदर्भात पाहिली नाही, म्हणाली. संडास रेल्वेलाइनच्या पल्याड गेले.

सभा सुटली तेव्हा दिवस कलत होता. गुरुजी रस्त्यानं तरातरा निघाले, मागून पंचफुलाबाईच्या चपलेची घसट. ते वळले आणि एकदम ओरडलेच. रागावर ताबा असलेला माणूस, पण त्या दिवशी सुटला.

"काय केलं तुमी हे? मी तुमच्यासाठी उभा राह्यलो होतो! हाड मोडून घ्याचं हाय का?"

"भर सभेत तुमाले खोटं पडू देऊ मी?" तीही तितक्याच जोरात म्हणाली. "तो चष्मेवाला तुमाले म्हातारा, खुळा मनून राहिला होता, अन मी तेले साथ देऊ? माह्या दीपमालासाठी तुमी हात काळे केले. तिची पोरगी आता नववीत हाय. नाई गुरुजी. मह्यानं नाई झालं ते."

 गुरुजींचा राग गेला नव्हता, तरी चाल त्यांनी तिच्या पायाला जुळवून घेतली. दोघं नाल्याच्या वळणापर्यंत आले. तिथं ती थांबली. इकडंतिकडं पाहिलं, पदर खोचला.

"सकाळपासून दाबून बसली होती," ती म्हणाली. "पाव्हणे यायचे होते ना. तुमी जरा इथंच उभे राहा. तोंड तिकडं करा. कोनी आलं तं खोकलजा."

रुईच्या झुडपांकडं ती उतरू लागली, एकेक पाऊल, भिंत संपली तिथून जमिनीला हात टेकवत. गुरुजी पाठ फिरवून रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. थोड्या वेळानं विहाराच्या बाजूनं संस्थेची पांढरी गाडी आली. वळणावर हळू झाली, काच खाली गेली, मॅडमनं हसून हात जोडले.

गुरुजींनी हात जोडले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत जोरजोरानं खोकत राहिले.