एक जूनची टोळी

दाखल्यांच्या खिडकीवर मी चौतीस वर्षं काढली. महिपतला खोटा शिक्का नुसत्या वासावरून कळतो, असं कचेरीत म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती फार नव्हती. निवृत्तीनंतर डोंबिवलीच्या घरात मला तपासायला उरलं ते दुधाच्या पिशवीवरची तारीख आणि बायकोने निवडलेले तांदूळ. दुसऱ्या तपासणीबद्दल तिचं मत चांगलं नाही.

म्हणून सोमवारी आमची मुलगी संचिता लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "बाबा, खेळा आणि चुका काढा," तेव्हा मी चष्मा पुसायलाही थांबलो नाही.

ती ठाण्याला नौपाड्यात, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या छोट्या कंपनीत आहे. तिने आणि ऋतुराज नावाच्या तिच्या सहकाऱ्याने दीड वर्ष खपून एक गेम केला होता, 'खिडकी नंबर तीन'. खेळणारा सरकारी खिडकीत बसतो, लोक येऊन कागद सरकवतात. भिंग फिरवायचं, खोट शोधायची, हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. या सगळ्यामागे बनावट दाखल्यांची एक टोळी, ती पकडायची. शुक्रवारी मालक कमलेशभाई स्वतः खेळून बघणार होते. पसंत पडला तर गेम बाजारात, नाहीतर तो बंद आणि संचिताची रवानगी रंगीत गोळ्या फोडायच्या गेमवर.

"मी नाही गोळ्या फोडणार," ती म्हणाली खरी, पण पोरीचा चेहरा उतरलेला होता.

मी खेळायला बसलो आणि काय सांगू, हात शिवशिवायला लागले. रविवारची तारीख घातलेला दाखला मी पहिल्याच फटक्यात पकडला. मग दोन शायांनी लिहिलेला आकडा, मग फोटोवर न उतरलेला अर्धा शिक्का. बारकाईने बघणाऱ्या माणसाला एरवी जग किचकट म्हणतं. इथे त्याला गुण मिळत होते, वर घंटाही वाजत होती. घाईने खेळणारा दुसऱ्याच दिवशी नोकरीवरून जातो, हे तर मला फारच आवडलं.

"अगं, हे तुला सुचलं कसं?"

"तुमच्याकडे बघून बघून."

हे कौतुक की टोमणा, ते मी तपासलं नाही. अभिमान वाटला, आणि मी तसं सांगितलंही.

मंगळवारी मात्र मला राग यायला लागला. या गेममध्ये एकही कागद उगाच मळत नाही. चहाचा डाग दिसला की तो पुरावाच. आमच्याकडे डाग म्हणजे चहा सांडलेला असायचा, आणि बहुतेक वेळा तो साहेबांनीच सांडलेला असायचा. शिवाय इथे चुकतो तो फक्त समोरचा. लिहिणाऱ्या कारकुनाची वेलांटी चुकली, पान उलटं लागलं, असं काही घडतच नाही. एवढं सुख नोकरीत असतं तर मी निवृत्तच झालो नसतो. आणि भिंगातून कागद बघता बघता आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं राहूनच जात होतं.

बुधवारी टोळी सापडली. निरनिराळ्या गावांची अकरा म्हातारी माणसं, आणि सगळ्यांची जन्मतारीख एक जून! ढोल वाजले, पडद्यावर अक्षरं आली, 'टोळीचा धागा हाती लागला'. मी इतका हसलो की मला ठसका लागला.

"काय झालं, बाबा?"

"हा धागा कोणाचा?"

"ऋतुराजचा. जुने दाखले बघताना त्याला दिसलेलं, अर्धे लोक एक जूनलाच जन्मलेत. म्हणाला, कसला भारी क्लू आहे यार!"

"अगं, गावात जन्माची तारीख कोण लिहून ठेवत होतं? जूनमध्ये शाळा सुरू व्हायची. मास्तर पोराची उंची बघून साल टाकायचे आणि तारीख सरसकट एक जून. या टोळीत मी आहे. तुझी आईपण आहे."

संचिताचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे तुमचा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो... मी तर सगळ्यांना सांगत आलेय, किती क्यूट योगायोग आहे म्हणून!"

दर एक जूनला ती आम्हा दोघांत मिळून एक केक आणते. मी आजवर काही बोललो नव्हतो, कारण केक चांगला असतो.

पुढच्याच क्षणी गेममधल्या खिडकीवर एक बाई आली. शाळेच्या दाखल्यावर नाव हौसा, रेशनकार्डावर सुमन. मी सवयीने हिरवा शिक्का मारला. लॅपटॉपने भोंगा वाजवला, 'चूक! नाव जुळत नाही.'

"जुळत नाही काय? लग्नात बदललंय!" मी लॅपटॉपला झापलं.

"आडनाव बदलतं ते मी धरलेलं, बाबा. पण पहिलं नाव?"

"नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहितो, ते कशाला? तेच पुढे सगळ्या कागदांवर चढतं. अशा बायका रोज यायच्या. मी विचारायचो, माहेरचं नाव का? ती हो म्हणायची. प्रतिज्ञापत्र घेतलं की काम झालं. तुझ्या खेळात विचारायची सोयच नाही!"

मागे वाल सोलत बसलेली बायको म्हणाली, "मग मलाही लाल शिक्का मारा. मी शाळेत तुळसा होते."

संचिता गर्रकन वळली. "आई, तुझं नाव विमल नाहीये?"

"आता आहे. माहेरची धाकटी मला आक्का म्हणतात, तुळसा म्हणतात ती फक्त मोठी माणसं, तुला कुठून कळणार? विमल ह्यांच्या आईने ठरवलेलं."

"आणि तुला विचारलं नाही कोणी?"

"मांडवात कोण विचारतं?" ती म्हणाली आणि वाल सोलत राहिली. मी पडद्याकडे बघत राहिलो.

गुरुवारी संचिता ऑफिसला गेलीच नाही. तिने एक जूनच्या टोळीची निर्दोष सुटका केली आणि दोन शिक्क्यांच्या शेजारी तिसरं बटण बसवलं, 'विचारा'. मग आईला घेऊन खोलीचं दार लावून काहीतरी रेकॉर्ड करत बसली. मला आत घेतलं नाही.

शुक्रवारी मीही नौपाड्याला गेलो, पोरीला धीर द्यायला म्हणून. खरं तर धीर मलाच हवा होता. कमलेशभाई भराभर खेळत होते. हौसा-सुमन आली, त्यांनी लाल शिक्का उचलला, तेवढ्यात त्यांना तिसरं बटण दिसलं. त्यांनी ते दाबलं, आणि माझ्या बायकोचा आवाज खोलीभर झाला.

"लग्नात हौसाची सुमन केली, साहेब. कोणी विचारलं नाही, मीपण काही बोलले नाही. पण ज्यांनी ते नाव तांदळात लिहिलं, त्यांनी त्या नावाने मला एकदाही हाक मारली नाही. अगं म्हणतात, ऐकलंस का म्हणतात. चाळीस वर्षं झाली. आता तुम्हीच सांगा, दाखल्यावर कुठलं घालू?"

कमलेशभाई आधी मोठ्याने हसले. मग त्यांनी माउसवरचा हात काढला.

"ह्यातला एक शब्द बदलायचा नाही," ते म्हणाले. "गेम बाजारात आणतोय आपण. आवाज कोणाचा?"

"आईचा," संचिता म्हणाली. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं, तेवढी दया तिने केली.

परत येताना मी माझ्याच संसाराचे कागद मनात तपासत होतो. विमल हे नाव मी शेकडो वेळा लिहिलंय. रेशनकार्डावर, दवाखान्यात, बँकेत, सुवाच्य अक्षरात. तोंडाने एकदाही नाही. दुसऱ्याच्या कागदावरची चुकलेली वेलांटी दिसणाऱ्या माणसाला हे दिसलं नव्हतं, आणि मला माझी लाज वाटली.

घरी आलो. बायको स्वयंपाकघरात होती. मी चपला काढल्या, घसा खाकरला आणि हाक मारली, "तुळसा."

आतला झारा थांबला.

"कोण आलंय हो?" तिचा आवाज एकदम हरखला. "माझ्या माहेरचं कोणी आलंय का?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "मीच आहे."