पाठ पुढं, धार मागं

“सुरी दगडावर धारेकडून पुढं जाती, वस्तरा पट्ट्यावर पाठीकडून. इसरू नको, पोरी,” असं गावच्या म्हाताऱ्या न्हाव्यानं, जळबाआबांनी बजावलं होतं. पल्लवीनं “हो हो” म्हणत वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर सुरीसारखाच पुढं लोटला. खिळ्याला टांगलेल्या चाळीस वर्षांच्या पट्ट्यावर नखाएवढी चीर पडली.

“आबा, चुकलंच माझं.”

आबा खो खो हसले. “पह्यल्या दिवशी मी बी असाच कापला व्हता. बापानं बदडलं. तुला कोण बदडंल? चहा टाक.”

लेकाचं, रुद्रचं जावळ परवावर आलं होतं. नवऱ्याचं, प्रमोदचं जावळ ज्या वस्तऱ्यानं उतरलं, त्याच वस्तऱ्यानं नातवाचं, हा सासूबाईंचा, मनकर्णाबाईंचा हट्ट. हिंगोलीहून सासरी, साखऱ्याला येतानाच पल्लवीनं नव्या पात्यांचं पाकीट पर्समध्ये टाकलं होतं. शेवटी तडजोड ठरली: वस्तरा चालेल, पण धार ती स्वतः लावणार आणि उकळल्याशिवाय तो लेकराच्या डोक्याला लागणार नाही. सुऱ्यांना धार लावण्यात तिचा हातखंडा होता. तिच्या सुरीखाली टमाट्याची चकती कागदासारखी पडायची.

“तीच तर गडबड,” आबा म्हणाले. “सुरीला बारीक दात पायजेत, तवा ती टमाट्याच्या सालीत रुतती. वस्तऱ्याला दात ऱ्हायले की कातडं ओरबाडतं. सुरी दगडावर तिरपी धर. वस्तरा आडवा निजव, पाठ अन् धार दोन्ही टेकव. कोन तुला धरायचाच न्हाई, त्याची पाठच धरती.”

पल्लवीनं ओल्या दगडावर वस्तरा निजवला. दगडावर त्याची जाड पाठ धारेला बरोबर तेवढंच उचलून धरत होती. बीएस्सीला सूक्ष्मदर्शकाखाली इतकं पाहिलं, पण हे कुणी दाखवलं नव्हतं. मग पट्टा. पाठ पुढं, धार मागं. टोकाला पोचल्यावर पाठीवरच पलटी. सरर, सरर. चीर टाळून, वरच्या अंगाला. विसाव्या फेरीला आवाज बदलला, आणि मनगटावरची लव वस्तरा नुसता टेकताच गळाली.

“आत्या! बघा, बघा!”

“बघून राहिले ना बाई,” मनकर्णाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. “सून न्हावगिरी शिकली, आता प्रमोदची दाढी घरीच!”

आबांनी धारेवर अंगठा आडवा फिरवून मान डोलावली. त्या अंगठ्यावर केसाएवढ्या रेघाच रेघा होत्या, काही अजून लाल.

“दुखत न्हाई का, आबा?”

“काहून दुखंल?”

जावळाच्या दिवशी मामा, म्हणजे पल्लवीचा भाऊ रविंद्र, सेनगावहून जीपनं आला आणि पाटावर मांडी घालून बसला. मांडीवर रुद्र, तोंडात खडीसाखर. ओसरी बायकांनी भरली. चुलीवर पातेल्यात वस्तरा खदखदत होता. पल्लवी चिमटा घेऊन वळली.

“चिमटा कशाला?” म्हणत आबांनी उकळत्या पाण्यात बोटं घातली आणि वस्तरा सहज उचलला.

“आबांचा हात लोखंडाचा!” रविंद्र ओरडला. सगळी ओसरी हसली. आबाही हसले. त्यांची बोटं लालबुंद झाली होती आणि त्यांनी ती फुंकलीसुद्धा नाही.

पल्लवी हसली नाही. चिमटा तिच्या हातातच राहिला.

आबांच्या बोटांबद्दल एक शब्द बोलली असती तर पर्समधलं पाकीट जिंकलं असतं. आबांनी रुद्रच्या कपाळावर पाणी लावलं. आज त्यांचं धोतर नीळ घातलेलं होतं, फेटा नवा होता.

“आबा,” ती पुढं होत म्हणाली, “पोरगं झोपेला आलंय, लई हलतंय. पहिली बट तुमच्या वस्तऱ्याची, मान तुमचा. बाकी मी कात्रीनं करते.”

“असं कुठं अस्तंय का?” मनकर्णाबाई म्हणाल्या. “पुरं डोस्कं उतरवा की!”

आबांनी पल्लवीकडं पाहिलं. मग तिच्या हातातल्या चिमट्याकडं. मग आपल्या बोटांकडं, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

“पोरगी बराबर बोलून राहिली,” ते म्हणाले. “हात दे तुझा.”

तिनं त्यांच्या मनगटाखाली हात धरला. बट अल्लद सुटून मामाच्या ओंजळीत पडली. रुद्रला कळलंही नाही, तो खडीसाखर चोखत होता. बायकांनी एकच गलका केला. त्या गलक्यात आबांनी वस्तरा मिटला, पट्ट्यात गुंडाळला आणि पल्लवीच्या ओटीत टाकला.

“धार लावत जाय.”

त्या संध्याकाळी तिनं त्यांच्या बोटांना मलम लावलं. साखरेनं बोटं अशी बधिर होतात, तपासणी करून घ्या, असं दोनदा सांगितलं. “मला काय धाड भरली,” ते म्हणाले. ती आता हिंगोलीला परतली आहे. दर रविवारी फोन लावते, आणि ते दर रविवारी रुद्रचंच विचारतात.

साखऱ्याला कधी गेलात तर मारुतीच्या पारामागच्या खोलीत डोकावून या. ते एकटेच असतात. चहा घ्याच म्हणतील. घ्या. फक्त पातेलं चुलीवरून तुम्ही उतरवा.