पोत्यावरची म्हैस

पोत्यावर छापलेली म्हैस इतकी गलेलठ्ठ होती की दुष्काळात तिच्याकडं बघायचीही लाज वाटावी. खाली लिहिलं होतं, 'शंभर टक्के शुद्ध सरकी पेंड'. साहेबरावांनी ते दोनदा वाचलं आणि मगच पोतं घेतलं. अहमदपूरच्या वाचनालयात तीस वर्षं काढलेला माणूस. छापलेल्या अक्षरावर त्यांचा भारी विश्वास.

त्यांच्या चंद्री म्हशीला वाचता येत नव्हतं. पोतं उसवल्यावर तिनं वास घेतला, फुर्र केलं आणि तोंड फिरवलं. आत भुईमुगाची टरफलं आणि लाकडाचा भुसा. कडबा कधीच संपलेला. आठ दिवस असेच गेले तर चंद्री आटणार, आणि लेकीची तान्ही जुळी तिच्याच दुधावर होती.

साहेबराव सायकलीला पोतं लावून गुरुपादप्पाच्या दुकानी गेले.

"फोडलेला माल परत न्हाई, काका," गुरुपादप्पा म्हणाला. "पाटी हाय बघा."

साहेबरावांनी पाटी वाचली. छापलेली होती. ते पोतं घेऊन परत आले.

मग त्यांना ग्राहकांच्या नव्या कायद्याची आठवण झाली. अर्ज लिहायला बसले. लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं झाली तरी पत्त्यात त्यांच्या हातून जुना जिल्हा उस्मानाबादच उतरायचा. चार कागद फाडले.

"म्हैस काय अर्ज खाणार हाय का?" त्यांच्या पत्नी तारामती म्हणाल्या. "उचला पोतं."

दुकानात तारामतींनी पोत्याकडं बोटही दाखवलं नाही. "गुरुपादप्पा, संक्रांतीला माझी तूर घेतलीस, तवा शिवल्या पोत्यात काय खुपसलास?"

"ती नळी व्हय? माल बघायची, काकू."

"तुझ्या नळीनं पोत्याला भोक पडलं. मग मी म्हणाले का, आता फोडलास, घेच?"

"धंद्यात तसंच असतंय."

"हाव. मग मीबी धंदाच करायले."

खुंटीवरची ती टोकदार पोकळ नळी त्यांनी काढली आणि थप्पीतल्या बंद पोत्यात खुपसली. तळहातावर टरफलं आली. दुसऱ्यातूनही टरफलंच. नुकतीच दोन पोती बैलगाडीत टाकून निघालेला धोंडप्पा खाली उतरला. "माझीबी बघा की, काकू."

बाजाराचा दिवस. त्याच्यामागं आणखी सहाजण उभे राहिले.

गुरुपादप्पा आत गेला आणि स्वतःच्या म्हशीसाठी ठेवलेलं पेंडीचं पोतं घेऊन आला. शिवण त्यानंच उसवली. "न्या, काकू. पण नळी ठेवा खाली."

"आधी धोंडप्पाचं," तारामती म्हणाल्या.

सांजच्याला चंद्रीनं घमेलं चाटून पुसून लख्ख केलं. साहेबरावांना वाटलं, तरीही अर्ज धाडावाच. लातूरकडं अशी पोती किती गेली असतील कोण जाणे. पण पाचव्या कागदावर लिहिलेला अर्ज जमलाय की नाही, खात्री वाटेना. आजूबाजूला कोणी नाही बघून त्यांनी तो हळूच चंद्रीपुढं धरला.

तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

साहेबराव पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला बसले.