शिक्क्यातला ‘लेट’

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. टेबलावर ठोकतात तो लाकडी मुठीचा नव्हे. तो केव्हाच भंगारात गेला असेल. मी त्याचा पोस्टकार्डावर उमटलेला ठसा. जांभळ्या शाईचा, चौकटीतला, आणि जरा तिरका. तिरका असण्याचे कारण असे की माझा जन्म धावत्या आगगाडीत झाला.

पूर्वी मेलगाडीला टपालाचा डबा असे. त्यात माणसे उभ्याउभ्या पत्रे वाटून गावोगावच्या खणांत टाकत. डब्याला बाहेरून एक फट होती. गाडी फलाटावर असताना तिच्यात थेट पत्र टाकता येई, मात्र त्यासाठी थोडे जादा तिकीट लावावे लागे. त्याला लेट फी म्हणत. पत्र लवकर जावे म्हणून भरायचे पैसे, आणि नाव लेट! हे नाव ज्याने शोधले त्याला पुढे बढतीही मिळाली असेल.

विलास नावाचा एक तरुण बार्शीकडच्या गावातून येऊन आकुर्डीच्या एका कारखान्यात लागला होता. एका बुधवारी गेटवर पाटी लागली, शनिवारी भरती. त्याचा धाकटा भाऊ ज्योतीराम गावी रिकामा बसला होता. विलासने सायकलच्या सीटवर कार्ड टेकवून तिथेच लिहिले, ‘ज्योती, शनिवारी सकाळी गेटवर भरती आहे. शाळेचा दाखला घेऊन शुक्रवारी रात्री निघ. मी साहेबांशी बोललो आहे.’ नाक्यावरच्या पेटीत कार्ड टाकले असते तरी चालले असते. पण भावाच्या भल्यासाठी माणूस घाई करतो. तो पुणे स्टेशनात गेला आणि मेलच्या फटीत कार्ड सोडून, मोठे काम फत्ते केल्यासारखा परत फिरला. जादा तिकिटाची त्याला गंधवार्ताही नव्हती.

डब्यातल्या कारकुनाने कार्ड उलटेपालटे करून पाहिले आणि त्यावर मला ठोकले, ‘डिटेन्ड. लेट फी नॉट पेड.’ म्हणजे जादा तिकीट नाही, सबब अडवले. माझ्या शेजारी तारखेचा गोल शिक्काही पडला, पण गाडीच्या हिसक्याने तो असा फरपटला की भिंगाशिवाय लागू नये. कार्ड एक दिवस खणात पडून राहिले. त्यातून गावात टपाल दिवसाआड येई. शनिवारी दुपारी ते ज्योतीरामच्या हातात पडले तेव्हा इकडे गेटवरची रांग उठून गेली होती.

ज्योतीरामला मराठी वाचता येत होते. मी पडलो इंग्रजी. गावात इंग्रजीचा मक्ता आबाजींकडे होता. मॅट्रिक नापास झाल्याचा त्यांना पास झाल्यापेक्षा जास्त अभिमान. त्यांनी कार्ड हातभर लांब धरले. पहिला शब्द अवघड, म्हणून सोडून दिला.

“फुडं बघ. लेट! लेट म्हंजे उशिरा. टाकणाऱ्यानं उशिरा टाकलंय, असं पोस्टानंच लिवून दिलंय.”

“पर दादानं तारीख तर बुधवारची घातलीया.”

“तारीख काय, कुणीबी घालतंय. शिक्का सरकारचा असतोय, लेका. आन् एका घरचे दोघं गेटाच्या आत गेलं म्हंजे थोरल्याचा भाव उतरतोय, एवढंबी कळंना व्हय तुला?”

मित्रांनो, माझ्या अंगावर पाच शब्द. त्यांतला एकच वाचला गेला आणि त्याच्या बळावर दोन भावांचे खाते बंद झाले.

पुढे ज्योतीरामही पोटासाठी इकडेच आला. चाकणला या ठेकेदाराकडून त्या ठेकेदाराकडे फिरला. पर्मनंट कधीच झाला नाही. विलास पर्मनंट झाला, ओव्हरटाइम करून दोन खोल्या बांधल्या. तो धाकट्याच्या दारी पुन्हा पुन्हा गेला. ज्योतीराम दर खेपेला मला पुढे करी.

“तू बोलूच नगंस दादा. हितं सरकार बोलतंय.”

“मी बुधवारीच टाकलं रं ज्योती, आईची आण.”

विलासलाही इंग्रजी येत नव्हते. तो माझ्याकडे बघे आणि खाली मान घालून निघून जाई. आसपास वाचून दाखवणारे हजार जण होते. पण मनासारखा पुरावा हाती असला की माणूस दुसऱ्याला विचारायला जात नाही. ज्योतीरामने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या शेजारी ठेवले. रेशनकार्ड पुढे फाटले, मी जसाच्या तसा राहिलो. राग जपावा तर असा.

म्हातारपणी ज्योतीराम चऱ्होलीतल्या एका नव्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाला. गेल्या हिवाळ्यात तिथे एक रिक्षा येऊन थांबली आणि विलासची बायको चतुराबाई उतरली.

“भावजी, त्यांचं आता काय खरं न्हाई. डाक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलंय. तुमचंच नाव घेत्यात. एकदा तोंड दाखवा.”

ज्योतीरामने खिशातून मला काढले. “वहिनी, आदी हे वाचा, मग बोला.”

“मला कुठलं वाचाया येतंय? आन् मी कागद वाचाया न्हाई आले. माणूस न्यायला आले.”

नेमकी त्याच वेळी फाटकाशी गणराजची गाडी थांबली. हा त्याच सोसायटीत राहणारा, हिंजवडीच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. छंद, रेल्वेच्या जुन्या शिक्क्यांची कार्डे जमवणे. त्याने काच खाली केली आणि त्याचे डोळे माझ्यावर खिळले.

“काका, बघू जरा ते.”

त्याने मला दोन बोटांनी, कडेने धरले. इतक्या हळुवारपणे मला कुणी कधीच धरले नव्हते. खिशातून भिंग काढून त्याने पाचही शब्द वाचले, तारीखही लावली. माझे आयुष्य सार्थकी लागते की काय असे वाटले.

“साहेब, काय लिवलंय वो त्यात?” चतुराबाईने विचारले. “ह्यांचा भाऊ खोटा हाय का?”

गणराजने ज्योतीरामकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला त्याचा हिशेब लख्ख दिसला. खरे सांगावे तर हे कार्ड म्हणजे भावाची माया. ती कुणी हातची सोडत नाही. गप्प राहावे तर ही नुसती घरातली कटकट. ती मागितली की मिळते.

“फार पुसट झालंय हो मावशी,” तो म्हणाला. “नीट लागत नाही.”

मी पुसट नव्हतो. चतुराबाई आली त्याच रिक्षाने परत गेली.

दुसऱ्या दिवशी गणराज पुन्हा आला. “काका, असला कागद जवळ बाळगून मनाला त्रास कशाला? मला द्या. रंगीत झेरॉक्स काढून लॅमिनेशन करून देतो. तुमचा पुरावा तुमच्याकडेच राहील.”

लॅमिनेशन म्हटल्यावर ज्योतीराम खूश. आपल्याकडे ज्या कागदाला मान द्यायचा त्याला प्लॅस्टिकमध्ये घालतात. चकचकीत नक्कल त्याच्याकडे राहिली आणि मी गणराजच्या अल्बमात गेलो.

उन्हाळ्याच्या आत विलास गेला. ज्योतीराम मातीलाही गेला नाही. दिवसभर त्याने गाड्यांसाठी फाटक उघडले आणि लावले.

मग चिंचवडला एका सभागृहात शिक्क्यांचे प्रदर्शन भरले. मी मधल्या चौकटीत, काचेखाली, वर बक्षिसाची फीत. गणराजने ज्योतीरामला गाडीत घालून आणले. ‘मूळ मालकासोबत’ त्याला फोटो हवा होता. ज्योतीराम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. काचेखाली मराठीत पाटी होती. त्याने बोट ठेवत ठेवत वाचली.

‘दुर्मीळ. पत्र बुधवारी, वेळेत टाकलेले. केवळ जादा तिकीट नसल्याने गाडीत अडवून ठेवले.’

“साहेब, हे ‘वेळेत’ कुणी टाकलं?”

“तुमच्या भावानेच की काका! चूक फक्त तिकिटाची. म्हणून तर एवढं दुर्मीळ.”

“हे तुमाला त्या दिशी गेटावर लागलं व्हतं?”

गणराजचे फोटोसाठी आणलेले हसू तसेच राहिले. “आता काका, तो तुमच्या घरातला विषय. मी कशाला मध्ये पडू?”

“काका, जरा हसा,” फोटोवाला म्हणाला.

“दादानं लिवलेला मजकूर कुठं हाय?” ज्योतीरामने काच हाताने चाचपली.

“तो मागच्या बाजूला. मागचं कुणी बघत नाही हो.”

“बाबा, काचेला हात लावू नका,” दारावरचा वॉचमन ओरडला. ज्योतीरामने हात काढून घेतला. वॉचमनचे ऐकायची त्याला सवय होती.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी ‘मला जपा’ असे म्हणायची रीत आहे. मला जपण्यात कुणी कसूर केली नाही. एकाने राग म्हणून जपले, दुसरा दुर्मीळ म्हणून जपतो आहे. तुमच्याकडे मागणे वेगळेच आहे. एक शब्द वाचून कुणाचा न्याय करू नका. आणि ज्यांना पाचही शब्द वाचता येतात, त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवावेत, एखादा विलास अंथरुणावर वाट बघत असतानाच.